सात फूट आणि आठ फूट

परळ. मंगळवार, संध्याकाळ

चाळ संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेली, मी घरीच. डोक्यात तेच सात आणि आठ. नात शालूचं गणित होतं: कापडाचे दोन तुकडे मिळून पाच वार, एक दुसऱ्याहून फूटभर लांब. गिरणीत जन्मभर कापड मोजलेला मी, चटकन म्हणालो, दोन वार आणि तीन वार. फुटाला वारच समजून बसलो.

ती शेजारच्या सावंतबाईंकडे गेली. आल्यावर म्हणाली, "आजोबा, बाई म्हणतात, आधी सगळ्याचे फूट करायचे. पाच वारांचे पंधरा फूट, म्हणजे सात आणि आठ!"

माझ्याजवळ बसून पाढे म्हणणारी पोर. आता उठता-बसता बाई, बाई! कालपरवा तर आल्या त्या चाळीत.

"उद्याही तिकडेच?"

"हो. तुम्हीपण चला की!"

नाही म्हणालो. पण टोपी धुऊन वाळत घातली आहे.