नात्याचा रकाना

आई,

मी मध्यंतरी कोरियात पाच महिने होते. तू असतीस तर तिथे खायला काय मिळतं ते आधी विचारलं असतंस आणि मग थंडीचं. कंपनीने पाठवलं होतं. अंबडच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या दरवाज्यांची कुलपं बनतात, मी तपासणीत आहे. तिथल्या मोठ्या कंपनीकडून नवी मशीन येणार म्हणून आमच्यातल्या दोघांना शिकायला धाडलं. दुसरा माणूस पंधरा दिवसांत आजारी पडून परतला, मी राहिले. तू गेलीस तेव्हा मी याच कारखान्यात पॅकिंगला होते, म्हणजे एवढी तरी पुढे सरकले. पण त्यासाठी लिहीत नाहीये. तिथे एक माणूस भेटला होता, त्याचं सांगायचंय, आणि घरात हे सांगावं असं कोणी नाही. मुलगी ऐकेल, पण ती प्रश्न विचारेल.

सोलपासून दीड तासावरचं ते गाव, नुसते कारखाने. स्टेशनच्या खालून एक लांब भुयारी रस्ता जातो, एका टोकाला आमचं हॉस्टेल, दुसऱ्या टोकाला बाजार. रविवारी मी त्या रस्त्याने भाजी आणायला जायचे. डिसेंबरातला एक रविवार आहे, मी चालता चालता फोनवर मुलीला सांगतेय, "क्लास सुटला की सिडकोपर्यंत मैत्रिणीबरोबर ये, एकटी रिक्षात बसू नकोस." भिंतीला टेकून पुठ्ठ्यावर बसलेला एक माणूस म्हणतो, "ताई, नाशिकच्या का तुम्ही?" मी थांबले नाही. पाच-सहा पावलं पुढे गेल्यावर थांबले. चेहरा नेपाळी, वय पंचेचाळीसच्या आसपास, डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. मराठी मात्र आपल्याकडचं. "मी देवळाली कॅम्पचा," तो म्हणाला. "वडील लॅम रोडला एका बंगल्यावर वॉचमन होते. सातवीपर्यंत कॅम्पातच शिकलो." मग जरा थांबून, "पासपोर्ट नेपाळचा आहे पण."

त्याची हकीकत मला तीन-चार रविवारी तुकड्यातुकड्यांनी कळली. वडील गेल्यावर आई त्याला घेऊन नेपाळात गावी गेली. मोठ्या बहिणीचं लग्न कॅम्पातल्या एका शिंप्याशी झालेलं, ती इथेच राहिली. गावात त्याने कोरियन भाषा शिकून परीक्षा दिली आणि चौतिसाव्या वर्षी कोरियात गेला. प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनमध्ये बोटं गेली, मग तो कारखानाच बंद पडला. तिथला परवाना कारखान्याशी बांधलेला असतो. ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर माणूस बिनकागदाचा होतो, आणि असा हात बघून त्याला कोणी घेतलं नाही. त्यानंतर काही वर्षं तो भाजीच्या शेडमध्ये राबला, लोखंडी कंटेनरमध्ये राहिला. खोकला सुरू झाला तसं मालकाने जायला सांगितलं. पासपोर्ट कंटेनरमध्ये राहिला आणि कंटेनर कुठे हलवला ते त्याला कळलं नाही. तो हे सगळं शेजारच्या कोणाचं सांगावं तसं सांगायचा. बहिणीला चार वर्षांत फोन केला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "करून काय सांगू?" कॅम्पात पॅसेंजर अजून थांबते का, एवढं मात्र त्याने मला दोनदा विचारलं.

त्या दिवसांत मला तुझा वॉर्ड आठवायचा. मी चौथी-पाचवीत असेन. शाळा सुटली की सरकारी दवाखान्यात तुझ्याकडे यायचे आणि तुझी ड्युटी संपेपर्यंत औषधांच्या रिकाम्या खोक्यावर बसून अभ्यास करायचे. तुला तिथे सगळे मावशी म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. कोपऱ्यातल्या खाटेवर हायवेवर गाडीने उडवलेला एक माणूस होता. तो जे बोलायचा ते वॉर्डात कोणालाच कळायचं नाही, केसपेपरवर नावाच्या जागी 'अनोळखी पुरुष' लिहिलेलं. तू त्याला खिचडी भरवतेयस आणि मला भूक लागलीय, घरी जायचंय. मी म्हटलं, "त्याच्या घरचे येतील ना, ते भरवतील." तू आवाज चढवला नाहीस. "येतील तेव्हा भरवतील. आज दुपारचं त्याने काय करायचं?" असं म्हणून वाटी माझ्या हातात दिलीस. मी दोन चमचे भरवले, खिचडी त्याच्या हनुवटीवर ओघळली, मला किळस आली आणि ते तू मलाच पुसायला लावलंस. त्याच्या घरचे आले की नाही, मला आठवत नाही.

तर मी फोन केले. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभी राहून. आपल्या देशाच्या कचेरीतला माणूस नीट बोलला. "मॅडम, ते भारतीय नागरिक आहेत का?" नाहीत. "मग त्यांच्या देशाच्या कचेरीला कळवावं लागेल." मी म्हटलं, ते देवळालीत वाढलेत. तो म्हणाला, "नाशिकजवळची देवळाली? माझे मामा होते तिथे, आर्मीत." मग त्याने मला नेपाळच्या कचेरीचा नंबर दिला. नेपाळच्या कचेरीतल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि गावाहून नागरिकत्वाच्या दाखल्याची प्रत मागवा म्हणाल्या. गावात त्याचं कोणी उरलं नव्हतं. स्टेशनजवळ बेघरांसाठी निवारा होता. तिथल्या माणसाने त्याला मोजे दिले, गरम सूप दिलं आणि झोपायला इथला नोंदणी क्रमांक लागतो म्हणून सांगितलं. दार लावण्यापूर्वी तो आम्हाला कमरेत वाकून नमस्कार करून गेला. कोणी खोटं बोललं नाही, कोणी हाकललं नाही, हे तुला मुद्दाम सांगते. प्रत्येकाचं म्हणणं मला पटत गेलं, आणि सगळ्यांचं पटून झाल्यावरही तो माणूस होता तिथेच बसलेला होता.

आमच्या लाइनवर साठीला आलेली एक मुख्य बाई होती. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. आम्ही मोबाइलमध्ये बोलायचो आणि तो भाषांतर करून ऐकवायचा. मी तिला विचारलं, अशा माणसाचं इथे कोणी बघायचं? ती हातमोजे काढत बराच वेळ मोबाइलमध्ये बोलली. मोबाइल म्हणाला, "आमची माणसंही तिथेच झोपतात. माझा दीर तीन वर्षं होता. त्याला कोणी विचारलं नाही. तुमच्या माणसाला आम्ही का विचारायचं?" मी म्हटलं, तो माझा माणूस नाही. मोबाइलने तेही तिला ऐकवलं. तिने हातमोजे पुन्हा चढवले आणि ती कामाला लागली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या लॉकरसमोर एक पिशवी आणून ठेवली. चेन बिघडलेलं एक जाड जॅकेट आणि खिशात ठेवायच्या, गरम होणाऱ्या पुड्या. रागातच ठेवली असावी. मी नोकरीला लागले त्या हिवाळ्यात तू मला रस्त्यावरच्या स्वेटरवाल्यांकडून निळा स्वेटर घेऊन दिला होतास, तो माझ्या बॅगेत होता. तो त्याला द्यावा असं मनात आलं. बायकांचा आहे, त्याला व्हायचा नाही, असं म्हणून मी तो ठेवून घेतला. जॅकेट तेवढं दिलं.

त्या बाईनेच मग एक पत्ता दिला. बसने दोन थांब्यांवर परदेशी कामगारांसाठी चालवलेलं एक केंद्र होतं, रविवारी उघडं असायचं. तिथली एक कोरियन बाई बरीच वर्षं नेपाळात राहिलेली, त्याच्याशी सरळ नेपाळीत बोलायला लागली. मला इंग्रजीतून म्हणाली, काम होण्यासारखं आहे, वेळ लागेल. पासपोर्टऐवजी तात्पुरता कागद काढता येईल, आपण होऊन देश सोडतो असं लिहून देता येईल, रविवारी डॉक्टर येतात ते फुकट बघतील. पण अशी माणसं एकटी येत नाहीत, कोणीतरी आणावं लागतं. "तुम्ही दर रविवारी आणाल का?" मी हो म्हटलं. दोन रविवार नेलं. तो स्टेशनच्या बाथरूममध्ये तोंड धुऊन, केस ओले करून उभा असायचा, पुठ्ठ्यावर बसलेला नसायचा. बसमध्ये शेजारचे लोक उठून दुसरीकडे जायचे, तो खिडकीबाहेर बघायचा. दुसऱ्या रविवारी डॉक्टरांनी छाती तपासून फोटो काढायला सांगितला. फॉर्म भरताना फोन नंबरच्या जागी तो अडला. "ताई, तुमचा लिहू?" मी म्हटलं, लिही.

त्याच आठवड्यात नाशिकहून आमच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, तिकडून मेल आलाय. तुम्ही स्टेशनवरच्या लोकांत असता म्हणे. बिनकागदाचा माणूस आहे तो. उद्या काही झालं तर कंपनीचं नाव येईल. तुम्ही ट्रेनिंगला गेलात ना?" मी म्हटलं, "हो सर." बास, एवढंच. पुढच्या रविवारी मी वरच्या रस्त्याने बाजारात गेले, सिग्नल ओलांडून. सात-आठ मिनिटं जास्त लागतात. बर्फ पडलेलं होतं, त्यावर राख टाकलेली, पाय घसरत नव्हता. मी मुळा घेतला, अंडी घेतली आणि वरूनच परत आले. तो खाली केस ओले करून उभा असणार, हे मला माहीत होतं. माहीत असून काही वाटलं नाही, हातपाय आपापलं काम करत होते. केंद्रातल्या बाईचा फोन आला, मी घेतला नाही, कामात आहे असा मेसेज टाकला. असे तीन रविवार वरून गेले. चौथ्या रविवारी माझं विमान होतं.

एप्रिलात मी तपासणीच्या टेबलावर असताना केंद्रातल्या बाईचा फोन आला. त्याला मार्चमध्ये दवाखान्यात ठेवलं होतं, मंगळवारी तो गेला. फॉर्मवर माझ्या नंबरापुढे नात्याच्या रकान्यात त्याने 'बहीण' लिहिलं होतं. "तुम्ही त्याची बहीण आहात का?" माझ्या हातात कुलूप होतं, मी त्याची दांडी आत-बाहेर करून बघत होते. मी म्हटलं, "नाही." हे खरंच आहे, आई. मग म्हटलं, बहीण देवळाली कॅम्पात आहे, मी शोधते. ती म्हणाली, लवकर शोधा, ठरावीक दिवसांत घरच्यांची सही आली नाही तर बेवारस धरून इथलीच कचेरी उरकून टाकते.

सुट्टीच्या दिवशी बसने कॅम्पात गेले. बाजारात सैनिकांच्या वर्द्या शिवणारे शिंपी विचारत गेले, तिसऱ्या दुकानात सापडले. दुकानामागेच घर. बहीण पन्नाशीची, बारीक, तोच चेहरा. मी नाव घेतलं तेवढ्यावर तिने विचारलं, "गेला का तो?" मी मान हलवली. ती म्हणाली, "बसा ताई," आणि स्वतः उभीच राहिली. मग आम्ही कागदाला लागलो. तिच्या आधार कार्डावर लग्नानंतरचं नाव, बापाचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं, सख्खी बहीण म्हणून दाखवायला एकही कागद नाही. तिच्या नवऱ्याने सांगितलं तसं पत्र मी टाइप करून सगळ्या कागदांच्या फोटोंसकट पाठवलं. नात्याचा पुरावा हवा, असं उत्तर आलं. तो शोधेपर्यंत मुदत संपली. तिथेच त्याला अग्नी दिला. केंद्रातली बाई हजर होती, तिने फोटो पाठवला. भिंतीत कप्पे, कप्प्यात पांढऱ्या बरण्या, एका बरणीवर नंबर.

तो फोटो घेऊन मी पुन्हा कॅम्पात गेले. बहिणीने दोन बोटांनी तो मोठा करून बघितला. "इथंच ठेवणार?" मी म्हटलं, काही वर्षं. "मग?" मी म्हटलं, माहीत नाही. ती रडली नाही, मीही नाही. मला अजूनही काही होत नाही. जेवण जातं, झोप लागते. त्याचं कोणी बघायला हवं होतं, त्याच्या देशाने, कोरियाने, कारखान्याच्या मालकाने, आपल्याकडच्यांनी, हा हिशोब मी बरेच दिवस मांडून बघितला. मांडायला बसले की प्रत्येक जण थोडाथोडा सुटतो, आणि मीही सुटते. ट्रेनिंगच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर हे लिहितेय. वही कपाटात राहील. तुझ्यापर्यंत ती न्यायला कोणी नाही आणि दुसऱ्या कोणाला ती दाखवायची नाही.

एक राहिलं. त्या दिवशी निघता निघता बहिणीने विचारलं, "तुम्ही त्याला शेवटचं कधी भेटलात, ताई?" मी म्हटलं, "निघायच्या आदल्या दिवशी."

"जेवला होता का?"

"जेवला. आम्ही दोघं बरोबरच जेवलो."

निघायच्या आदल्या दिवशी मी एका दुकानात ऑफिसातल्या मुलींसाठी चेहऱ्याची क्रीम निवडत होते. बहीण म्हणाली, "बरं झालं. कोणीतरी होतं," आणि आत जाऊन पानं वाढून घेऊन आली. नवऱ्याने मशीन बंद केली, हात धुऊन तोही आमच्यात येऊन बसला. डाळभात होता, मुळ्याचं लोणचं होतं. माझ्या पानातला भात संपत आला तसा तिने आणखी वाढला, आणि मी नको म्हटलं नाही.