बीजेची कोर पश्चिमेलाच!

प्रिय बाबा,

काल तुमच्या माघारी तुमच्या कथासंग्रहाची नवी आवृत्ती निघाली. तुमच्या वतीने शाल घेतली, पेढा खाल्ला, घरी येऊन प्रस्तावना वाचली आणि डोकंच फिरलं. बोलू कुणाशी? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

प्रस्तावनेत म्हटलंय, विश्वाचं रहस्य तुम्हाला ध्यानात दिसलं! ध्यानात? खडकीच्या कारखान्यात आयुष्यभर सुटे भाग मापून तपासणाऱ्या माणसाला? प्रसरण पावणाऱ्या विश्वावरची ती कथा तुम्ही सात वेळा लिहिलीत. विश्वाला केंद्र नसतं हे पुण्यात राहून छापायला छाती लागते, असंही वर म्हणायचात.

आणि ती चूक आठवते? ‘संध्याकाळी पूर्वेला बीजेची कोर उगवली.’ मार्केट यार्डात हमाली करणारे सखारामभाऊ पुस्तक घेऊन दारात उभे राहिले होते.

“सायेब, बीजेची कोर मावळतीला दिसती. पूर्वेला न्हाई उगवत.”

आई अवघडली. तुम्ही मात्र “अहो, आत या!” म्हणून त्यांना तुमच्या खुर्चीत बसवलंत. मग शुद्धिपत्रं छापून आणलीत, खाली सखारामभाऊंचे आभार, आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीत खळीने चिकटवलीत. “एवढ्याशा चुकीसाठी?” मी कुरकुरले. “चूक माझी, चंद्राने का निस्तरावी?” तुम्ही म्हणालात.

पण बाबा, तेव्हाच मूळ हस्तलिखितातही दुरुस्ती का नाही केलीत? त्यावरूनच छापलेल्या नव्या आवृत्तीत कोर पुन्हा पूर्वेला आहे! शुद्धिपत्र गायब!

प्रकाशकांना फोन केला. “ताई, थोर माणसाची चूक कशाला दाखवायची? आणि मजकूर तुम्हीच मंजूर केलात की!”

केला होता. न वाचता, भाजी निवडता निवडता. माझी मलाच लाज वाटते.

पण मला सांगा, सगळं ध्यानातच दिसलं, तर चंद्र तेवढा चुकीच्या दिशेला कसा दिसला? तुम्हाला देव्हाऱ्यात बसवलं आणि सखारामभाऊंना दाराबाहेर काढलं! चीड येते हो, बाबा.

शब्द देते. आज घरातल्या प्रती, उद्यापासून एकेक दुकान. खळ शिजवून ठेवलीय. तुमचं जुनं शुद्धिपत्र जसंच्या तसं छापून आणलंय, सखारामभाऊंच्या आभारांसकट. खाली फक्त एक ओळ वाढवलीय:

‘प्रस्तावनेत “ध्यानात दिसले” याऐवजी “चुकत, विचारत उमगले” असे वाचावे.’

तुमची,
सुधा