मानेवरची शिवण

४ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! आणि दारातल्या पायऱ्या माझ्या मी चढले. लेक मागून दोन्ही हात पसरून येत होती, जणू मी नुकतंच पाऊल टाकायला लागलेलं बाळ. म्हटलं, अगं हात खाली घे, लोक हसतील.

ही वही दवाखान्यातल्या व्यायामाच्या ताईंनी दिली. बोटांना पुन्हा वळण लागावं म्हणून रोज थोडं लिहायचं, काहीही चालेल म्हणाल्या. मी कपडे शिवणारी बाई, मापांपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. पण हुकूम तो हुकूम.

उभं आयुष्य मशीनवर मान घालून बसले, त्याचं हे फळ. आधी बटणं बोटांतून निसटायला लागली, मग सुई. मग चालताना पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे पडायला लागले. मानेतली हाडं वाढून आतल्या मज्जारज्जूला आवळताहेत म्हणाले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी, सगळे त्यांना सर म्हणतात, मागून मान उघडली, हाड कापून जागा केली, स्क्रू बसवले. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी सुईत दोरा ओवला, पहिल्या फटक्यात! दोघी सिस्टर टाळ्या पिटत होत्या. लेक रडली. मी सरांचे पाय धरायला वाकणार होते, पण वाकायला बंदी.

हे घर सरांच्या दवाखान्याचंच आहे. ऑपरेशन झालेल्यांनी इथे राहून बरं व्हायचं. खोली हवेशीर, खिडकीखाली बाग. पडद्याची दुमड मात्र वाकडी आहे. कुणी शिवली असेल त्याला माझ्याकडे पाठवा. शेजारच्या पलंगावर एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. सगळे त्यांना हेडबाई म्हणतात. कमरेचं ऑपरेशन झालंय. आल्या आल्या मला म्हणाल्या, घोरत असाल तर आत्ताच सांगा. घोरत नाही म्हटलं. म्हणाल्या, मी घोरते.

फोन मात्र जमा करून घेतले. मान खाली घालून बघायला नको म्हणून. घरच्यांशी इथलं सगळं बघणाऱ्या मोठ्या सिस्टरच बोलतात. लेक तिच्या गावी गेली, तिलाही नोकरी आहेच की.

६ तारीख, बुधवार

आज बागेत फिरले. गळ्यात पट्टा, त्यामुळे बोकडासारखी ताठ मानेनं. झाडाखाली चाकांच्या खुर्चीत एक बसचे ड्रायव्हर बसतात, ड्रायव्हरकाका. पायांत चकचकीत बूट, मांडीवर चादर. लांबून हात हलवतात. नवीन पेशंटचे नातेवाईक घर बघायला येतात तेव्हा मोठ्या सिस्टर काकांकडे बोट दाखवतात, हे बघा, किती प्रसन्न.

मी जवळ जाऊन बसले. गप्पा मारता मारता बुटांच्या तळव्यांकडे लक्ष गेलं. कोरे करकरीत. जमिनीला लागलेच नव्हते. ऑपरेशनला चालत गेले होते म्हणाले, आल्यापासून पाय हलले नाहीत. नसा हळूहळू जाग्या होतील असं सर सांगतात. मग अगदी सहज, हवापाण्यावर बोलावं तसं म्हणाले, परवा गरम पाण्याची पिशवी पावलाखाली राहिली, बोटं भाजून सोललीयत, मला वास आला तेव्हा कळलं.



९ तारीख, शनिवार

सकाळी उशी ओली. घाम असेल म्हणून हात लावला, तर चिकट आणि जरा पिवळं. टाक्यांतून आलेलं. अंगात कसकस आहे. मोठ्या सिस्टरना दाखवलं. त्यांनी वरून नवी पट्टी चिकटवली आणि उशीचा अभ्रा बदलला. म्हणाल्या, जखम भरताना असं व्हायचंच.

हेडबाईंनी पुस्तकावरून नजर वर न करता विचारलं, ताप किती होता? मोजलाच नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मोजला की लिहावा लागतो.

११ तारीख, सोमवार

मान ठणकतेय. ऑपरेशनचं दुखणं मला ओळखीचं झालं होतं, हे ते नाही. हे आतून कुणीतरी पाचर ठोकल्यासारखं. मान जराशी झुकली की पाठीतून टाचेपर्यंत वीज जाते. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर. वरच्या ओळीत वेलांट्या कशा आल्यात बघा. चार तारखेचं पान काढून पाहिलं, तेव्हा अक्षर सरळ होतं.

हेडबाईंनी आज त्यांचं पाऊल दाखवलं. उचलायला गेल्या तर लोंबतंच, ओल्या फडक्यासारखं. ऑपरेशनच्या आधी कंबर दुखायची, पण पाऊल ठणठणीत होतं. परत दवाखान्यात न्या म्हणून त्यांनी किती वेळा सांगितलं. इथून परत कुणालाच नेत नाहीत म्हणाल्या. परत नेलं तर ऑपरेशन बिघडलं असं होतं, आणि सरांचं ऑपरेशन बिघडत नाही. खालच्या हॉलमध्ये तसं मोठ्या अक्षरांत लिहिलंच आहे.

१२ तारीख, मंगळवार

सर आले. मागे पाच-सहा शिकाऊ डॉक्टर, नवरदेवामागे वऱ्हाड असावं तसे. आज सगळं सांगायचं ठरवलंच होतं. ताप, पू, वीज, बोटं, सगळं. सरांनी आपली दोन बोटं माझ्या मुठीत दिली, दाबा म्हणाले. मी जीव खाऊन दाबली. त्यांचं लक्ष घड्याळाकडे. छान, म्हणाले.

छान? मला कळत होतं की मूठ मिटलीच नाही. आंधळ्यालाही कळलं असतं. मी म्हटलं, सर, मी दाबलंच कुठे? तुम्हाला काही लागलं का? तेव्हा शिकाऊंकडे वळून हसले आणि म्हणाले, या वयातल्या बायकांना बरं होण्याचीही भीती वाटते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, सर, माझ्या हातची शिवण उसवली तर मी गिऱ्हाइकाला तुझं अंगच वाकडं असं सांगत नाही. कपडा परत घेते. उसवते. पुन्हा शिवते. आणि तोंड लपवत नाही.

एक शिकाऊ मुलगी माझ्या मानेकडे बघत होती. तिला दिसलं. नक्की दिसलं. तिनं डोळे खाली घातले.

सर गेले. मोठ्या सिस्टर सुई घेऊन आल्या. चिडचिड होतेय ना, शांत वाटेल म्हणाल्या. मला नको होतं. त्यांनी आणि आणखी एका सिस्टरनी दंड धरला आणि टोचलीच.

१३ तारीख, बुधवार

दिवसभर गुंगी. पेन उजव्या हातात रबरानं बांधलंय, हेडबाईंनी बांधून दिलं. डाव्या हातानं भांडंसुद्धा धरवत नाही.

लघवीला बसले, होईना. पोट टम्म. सिस्टरनी नळी घातली, म्हणाल्या, बघा, उठायचीही कटकट गेली.

कटकट!

लेकीशी बोलायचंय म्हणून हट्ट धरला. शेवटी ऑफिसातल्या फोनवर दोन मिनिटं दिली, सिस्टर शेजारी उभी. मी सांगायला लागले तर लेक लहान पोराशी बोलावं तसं बोलायला लागली. आई, औषधांनी भास होतात, असं त्यांनी सांगितलंय मला. तू चिडतेस, आरोप करतेस, हे सगळं होणारच म्हणाल्या. थोडं सोस ना गं.

माझी स्वतःची लेक! काय पाजलंय तिला यांनी? रागाला लक्षण म्हटलं की झालं. आता मी जितकी ओरडेन तितकी वेडी.

परत येताना गुडघा गेला. धरलं नसतं तर पडले असते.

१४ तारीख

उठवत नाही. पाय आहेत, दिसतात. पण चादरीखाली कुणीतरी दुसरंच झोपलंय.

दुपारी मला बागेत नेलं. खुर्चीत. मांडीवर चादर टाकली. ड्रायव्हरकाकांच्या शेजारी लावली खुर्ची. फाटकातून कुणी नवीन माणसं आली, सिस्टरनी आमच्याकडे बोट दाखवलं —

काकांनी हात हलवला. मला म्हणाले, तुम्हीही हलवा, नाहीतर चहा देत नाहीत.

माझा हात हलला नाही. मी थुंकले. जमेल तेवढं लांब थुंकले.

१५ तारीख

(शब्द त्यांचे, अक्षर माझं. — हेडबाई)

पेन धरवत नाही. ताप आहे, थंडी वाजते. दात वाजतात ते मला ऐकू येतात, एवढंच अंग आता माझं आहे.

लिहा बाई. मला मरायची भीती नाही वाटत. भीती याची वाटते की मी अशी पडले असताना हे लोक मला छान म्हणतील.

हेडबाईंचा भाचा आज भेटायला येणार आहे. त्याच्या फोनवरून त्या लेकीला — नंबर मला पाठ आहे. सांगितला. दोनदा म्हणवून घेतला त्यांनी, शाळेत घेतात तसा. लेकीला सांगा, आई चिडलीय हे खरं आहे. भास नाही. सांगा, तिची मूठ मिटत नाही. सांगा —

सिस्टर आल्या. वही उशीखाली.

१५, संध्याकाळ

लागला फोन. हेडबाई म्हणतात की त्या लेकीवर शाळेत ओरडायच्या तशाच ओरडल्या. म्हणाल्या, मी सदतीस वर्षं खोटं बोलणारी पोरं ओळखत आलेय, तुझी आई खोटं बोलत नाही, निघ. लेक रडली. निघालीय.

आवाज बारीक होतोय. वाक्य पुरं करायला मध्ये श्वास —

(इथून पुढचं आईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, अक्षर माझं. — लेक)

पुन्हा सुई आणली. हेडबाई मध्ये उभ्या राहिल्या. त्या लोंबत्या पावलावर. पडल्या. उचलून पलंगावर नेऊन बांधलं त्यांना. पडू नये म्हणून, म्हणे.

मला मात्र सुई दिलीच.

१६ तारीख

(आई बोलतेय, मी लिहितेय. — लेक)

दुसरा दवाखाना. इथली डॉक्टरीण माझ्या लेकीपेक्षा लहान असेल. मुठीत बोटं दिली आणि माझ्याकडेच बघत राहिली. छान नाही म्हणाली. मानेचा आतला फोटो काढला. मानेत पू साठलाय, मज्जेला दाबतोय, वर सरकतोय. आत्ता उघडते, म्हणाली. हात थोडे येतील कदाचित. पायांचं वचन देत नाही. दोन दिवस आधी आला असतात तर, एवढं म्हणून थांबली. जबडा आवळला तिनं. तिलाही राग आला. मला तेवढ्यानंच रडू फुटलं.

सकाळचं लिही. गुंगीतून जाग आली तेव्हा खालून तुझा आवाज येत होता. सिस्टर सांगत होत्या, आत्ताच झोपल्यात, उद्या या. आणि तू बरं म्हणालीस. ऐकलं मी ते. ओरडायला गेले तर नुसती हवा. कोपर तेवढं हलत होतं. उशाशी ठेवलेल्या ट्रेवर घातलं. पहिल्यांदा ट्रे हललाच नाही. पुन्हा घातलं. सगळं खाली. स्टीलचा तांब्या, पेले, औषधांची वाटी. घर दणाणलं. पलीकडून हेडबाई बांधलेल्या हातांनी पलंगाचा कठडा बडवत होत्या.

तू जिना चढून आलीस. मग तू पाहिलंस मला.

रडू नकोस, अक्षर ओलं होतंय. लिही.

नेतायत आता. श्वासाची नळी घालणार, मग बोलता येणार नाही. म्हणून आत्ता. त्या माणसाला मी हात जोडले होते. पाय धरायला निघाले होते. चुकलं असेल त्याचं, चुकतं माणसाचं. पण मी त्याला दाखवलं. मान दाखवली, मूठ दाखवली. तो हसला. ते हसणं मी नाही —

आणि ऐक. हेडबाई तिथेच आहेत. बांधलेल्या. मला जिन्यावरून उतरवलं तेव्हा मोठ्या सिस्टर जिना चढून त्यांच्याकडेच चालल्या होत्या, हातात ट्रे होता, मी पाहिलं. तू इथे बाहेर बसून राहू नकोस. माझं जे व्हायचं ते होईल. पोलीस घे, भाचा घे, कुणालाही घे. हेडबाईंना बाहेर काढ, काकांनाही. आत्ता जा. हेडबाईंना सांग, मी —