सासरेबुवांच्या तोंडात शिट्टी

लुआन्श्या, मंगळवार

तीर्थस्वरूप कापेंब्वा मामा यांस,

भाचा चिलेशे याचा दोन्ही गुडघे टेकून, तळवे वाजवून नमस्कार. (डावा गुडघा टेकताना कट्ट असा आवाज झाला. वय झालं, दुसरं काही नाही.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला गेला का? काळी शेळी परत शेजाऱ्याच्या मळ्यात गेली असेल तर या खेपेला तरी तिची बाजू घेऊन भांडू नका, चूक तिचीच असते. तुमच्या कासामाकडे भुईमूग चांगला आला असं बसवाल्याकडून कळलं, आनंद वाटला. चिलेशेचं पत्र आलं म्हणजे काहीतरी मागणं आलं, असं मामी म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्यांना मुद्दाम वाचून दाखवा की या पत्रात काहीही मागणं नाही. केवळ तुमची आठवण आली म्हणून लिहायला बसलो.

माझं विचाराल तर मी अजून शाफ्ट स्टार्सच्या फुटबॉल संघातच आहे, अजून कप्तान आहे आणि अजून बचावालाच खेळतो. या धंद्याचं दुःख तुम्हाला मी आधीही सांगितलंय. फॉरवर्ड हंगामभर झोपा काढतो, आणि एखाद्या रविवारी चेंडू त्याच्या नडगीवर आपटून जाळ्यात गेला की लोक आपल्या पोरांना त्याचं नाव ठेवतात. बॅकने मात्र नव्वद मिनिटं घर राखलं तर तो मैदानात होता हेसुद्धा कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि तोच एकदा घसरला तर बाजारातली टोमॅटोवाली त्याच्या आईला थांबवून विचारते, पोराला काही होतंय का. सोळा वर्षांच्या कारकिर्दीत मी दोन गोल केले. दोन्ही आपल्याच जाळ्यात. त्यातला दुसरा इतका देखणा होता की समोरचा गोलकीपर अख्खं मैदान पळत येऊन माझा हात हातात घेऊन गेला. तरीही मला आजवर कुणी काढलं नाही, कारण माझी खरी कला पायांत नसून तोंडात आहे. (आई म्हणते, हा गुण आजोळचा. मी फक्त तिचं म्हणणं कळवतोय.) रेफरीशी माझ्यासारखं भांडणारा माणूस खाणींच्या या ताम्रपट्ट्यात दुसरा नाही. मोझांबिकला एक हंगाम खेळायला गेलो होतो, तिथली भाषा मला ओ की ठो कळत नव्हती, पण एकही रेफरी माझ्या तावडीतून सुटला नाही. गेल्या वर्षी करार वाढवताना आमचे चेअरमन चिपोया स्पष्टच म्हणाले, "कप्तान, तुझे पाय संपले. पण तोंड अजून दोन हंगाम सहज काढेल."

तर मामा, गेल्या वर्षी माझी भुवई फुटली आणि मला खाणीच्या इस्पितळात नेलं. टाके घालणाऱ्या नर्सला मी नेमकं कुणाचं कोपर लागलं ते सविस्तर सांगत होतो. तिने सुई थांबवली आणि म्हणाली, "तोंड मिटा, नाहीतर भुवई राहू देते आणि तेच शिवते." माझ्याशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं. मी तिथेच घायाळ झालो. (आधीच होतो, पण आता निराळ्या ठिकाणी.) तिचं नाव म्वाबा. पुढचे काही महिने मी टाके दाखवायला जात राहिलो. टाके कधीच निघाले होते, ती दाखवून घेत राहिली. सगळं छान चाललं होतं, आणि मग एक दिवस मी तिला तिच्या वडिलांचं नाव विचारलं.

न्गोसा. होय मामा, तेच. रेफरी न्गोसा. त्यांनी मला तीन वेळा लाल कार्ड दाखवून बाहेर काढलंय, आणि मी भर मैदानात त्यांना विचारलंय, "आजोबा, चष्मा शेळीनं खाल्ला काय?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्वाबा मात्र शांत. "घरी सगळ्यांना माहीत आहे," म्हणाली. तुम्हाला काय सांगायचं, मध्यस्थ मागणीच्या पांढऱ्या बश्या घेऊन दारात जाईपर्यंत मुलीच्या बापाला काही माहीत नसतं. म्हणजे आईने त्याला सगळं सांगितलेलं असतं, त्याने चौकशीही केलेली असते, फक्त त्याला माहीत नसतं. आणि मी त्या घरच्यांच्या समोर यायचं नाही, मान वर करायची नाही, आणि सासूबाईंच्या तर सावलीलाही उभं राहायचं नाही. मी हे सगळं कसोशीनं पाळलं. एकदा बाजारात सासूबाई समोरून आल्या, तर मी कोळशाच्या पोत्यांमागे उडी मारली आणि त्यांनी सगळा भाजीपाला घेईपर्यंत तिथेच बसलो. संघात परत आलो तेव्हा मला कुणी ओळखलं नाही.

इथवर निभावलं. पण गेल्या शनिवारी चिंगोलाच्या कॉपर किंग्जशी सामना, आणि रेफरी कोण, तर न्गोसा. नाणेफेकीला कप्तानाने पुढे होऊन हात मिळवायचा असतो. मी पुढे झालो, भावी सासरेबुवांचे बूट दिसले, आणि माझे गुडघे आपोआप वाकले. भर मैदानात उकिडवा बसून मी टाळ्या वाजवून त्यांना नमस्कार केला. कॉपर किंग्जचा कप्तान बिचारा गोंधळला आणि तोही खाली बसला. सासरेबुवांनी आमच्या दोघांच्या डोक्यावरून नाणं उडवलं, आणि ते कुणी पाहिलंच नाही. पण खरं संकट पुढे होतं. सासूबाई सामना बघायला आल्या होत्या आणि डाव्या कोपऱ्याशी पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. आता डावी बाजू माझी. मी त्यांच्यासमोर उभा कसा राहणार? सरकत सरकत मी इतका उजवीकडे गेलो की आमचा उजवा बॅक म्हणाला, "कप्तान, माझ्या खिशात येतोस का?" डावीकडे एवढं मोकळं मैदान बघून त्यांचा फॉरवर्ड सुसाट सुटला. मी जीव खाऊन मागे पळालो, घसरलो आणि चेंडू स्वच्छ मारला. मामा, आईची शपथ, फक्त चेंडू. तो फॉरवर्ड माझ्या अंगावरून वाऱ्यासारखा गेला, चार पावलं पुढे जाऊन त्याला पडायचं आठवलं आणि तो पडला. शिट्टी वाजली. पेनल्टी.

सगळा संघ माझ्याकडे बघायला लागला. अशा वेळी मी काय करतो ते साऱ्या देशाला माहीत आहे. "बोल ना रे!" गोलकीपर ओरडला. मी खाली मान घालून म्हणालो, "मोठ्यांनी दिलीय, काही विचार करूनच दिली असेल." गोल झाला. आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा उकिडव्या अवस्थेतला फोटो, आणि तेव्हापासून लोक म्हणतात मी पैसे खाल्ले. सोळा वर्षं या गावासाठी हाडं मोडून घेतली, आणि आता पाववाला मला सुटे देताना माझी नोट उजेडात धरून बघतो. हे मला फार लागलं, मामा.

आता येत्या शनिवारी मुफुलिराच्या संघाशी लीगचा शेवटचा सामना. हरलो तर शाफ्ट स्टार्स खालच्या गटात जाणार, आणि तिथे माझ्यासारख्या म्हाताऱ्या बॅकला कोण ठेवतंय? पुन्हा रेफरी न्गोसाच. गप्प राहिलो तर संघ बुडतो, बोललो तर लग्न मोडतं. मी शेवटी चेअरमनना सगळं सांगून टाकलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि टेबलावर हात आपटला. "अरे, नातेवाइकाच्या सामन्यात रेफरीला उभं राहता येत नाही! तुझ्या मामाला गुरुवारपर्यंत बश्या घेऊन पाठव. न्गोसानं बश्या ठेवून घेतल्या की तो तुझा सासरा, आणि सासरा झाला की सामन्यातून बाद!" मामा, मी लग्न करावं म्हणून आईने दहा वर्षं नवस केले, पण माझ्या लग्नाची इतकी घाई आजवर कुणाला झाली नव्हती. तुम्हाला आणायला क्लबची गाडीसुद्धा काढतोय म्हणाले. मी आनंदाने म्वाबाला सांगायला गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शनिवारी बाबांचा शेवटचा सामना आहे. वयाची अट आलीय. महिनाभर रोज बूट पुसतायत. त्यांना घरी बसवायला बश्या पाठवणार असशील, तर पाठवूच नकोस. कधीच." आणि आत निघून गेली.

असो. बाकी सगळं ठीक. मामींना नमस्कार, शेळीला आशीर्वाद.

तुमचा,
चिलेशे

ता. क. (बुधवार) : कासामाची बस चुकली म्हणून पत्र खिशातच राहिलं. राहिलंच आहे तर एक गोष्ट लिहितो, मामींना वाचून दाखवू नका. मामा, तुम्ही बश्या घेऊन यायलाच हवं. पण शनिवारच्या आधी बिलकुल नको. चेअरमननी आज तुमचं गाव विचारलं, गाडी दारात उभीच होती. माझ्या तोंडून कासामाऐवजी भलत्याच गावाचं, मन्साचं नाव निघालं. ड्रायव्हर तिकडे रवाना झाला. शनिवारी मी गप्प राहायचं ठरवलंय. संघ बुडाला तरी म्वाबाच्या वडिलांचा शेवटचा दिवस माझ्यामुळे नासायला नको.

ता. क. (शुक्रवार) : आज म्वाबा स्वतःहून आली. दुपारी जेवताना सासरेबुवा सासूबाईंना म्हणाले, पण स्वयंपाकघरात नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "तो शाफ्ट स्टार्सचा कप्तान आजारी आहे काय गं? मी त्या पोराच्या आरडाओरड्यावर रेफरी झालोय. माझी शिट्टी बरोबर असली की तो आभाळाकडे बघून ओरडतो, चुकली की माझ्याकडे बघून. परवा पेनल्टी दिली आणि तो गप्प! मला वाटलं, चिलेशे गप्प आहे म्हणजे पेनल्टी नक्कीच. घरी येऊन शेजाऱ्याच्या टीव्हीवर बघतो तर त्यानं चेंडूच मारलेला. लाज वाटली मला. उद्या शेवटच्या दिवशीही तो खांबासारखा उभा राहिला, तर मी काय अंदाजानं शिट्ट्या मारू? माझ्या घरी कुणाच्या बश्या आलेल्या नाहीत. उद्या तो माझा कुणी लागत नाही." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "आणि त्याला म्हणावं, डावी बाजू सोडू नकोस. मी जागा बदलते."

ता. क. (शनिवार, सामन्यानंतर) : मामा, मी ओरडलो. आठवड्याभराचं साठलेलं सगळं ओरडलो. थ्रो-इनवर ओरडलो, ऑफसाइडवर ओरडलो, त्यांनी घड्याळ पाहिलं त्यावरही ओरडलो. सासरेबुवांचा चेहरा असा खुलला होता की काय सांगू. दोनदा त्यांनी माझा आवाज ऐकून लाइन्समनला विचारलं आणि निर्णय फिरवला. पिवळं कार्ड तर मध्यंतराआधीच मिळालं. शेवटच्या काही मिनिटांत, गोल कुणाचाच नसताना, मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "आजोबा, रिटायर व्हायला इतका उशीर का केलात?" त्यांनी दुसरं पिवळं आणि मग लाल कार्ड काढलं. त्यांच्या कारकिर्दीतलं शेवटचं. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी ते मला कळलं नाही, पण मला भरून आलं. माझं नाव लिहिता लिहिता ते मान वर न करता म्हणाले, "आता पुढच्या रविवारी चषकाचा सामना तुला नाही. मोकळाच आहेस." मी काही बोलायला तोंड उघडलं. "तू नको बोलूस," म्हणाले, "मामाला पाठव." बाकीच्या दहा जणांनी सामना बरोबरीत सोडवला आणि शाफ्ट स्टार्स वाचली.

ता. क. (रविवार) : काल रात्री पत्र बंद करणार तोच ड्रायव्हर मन्साहून परत आला, आणि कापेंब्वाला घेऊनच आला. तिकडे त्याला सुकी मासळी विकणारा एक कापेंब्वा सापडला. "भाच्याचं लग्न आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?" असं तो गृहस्थ म्हणतो. "भाचे मला पुष्कळ आहेत, एखादा विसरलो असेन." तेव्हापासून माझ्याकडे आहे, मक्याच्या घट्ट न्शिमाचा तिसरा डोंगर संपवतोय आणि परत जायचं नाव काढत नाही. पांढऱ्या बश्या त्याने स्वतःच्या आणल्यात. सकाळी चर्चबाहेर सासरेबुवांना गाठून "मी मुलाचा मामा" असं सांगूनही आला, आणि म्वाबा म्हणते, बाबांना तो फार आवडला, कारण कमी बोलतो. तेव्हा मामा, कंबर दुखो की शेळी पळो, शनिवारच्या बसने निघाच. तुम्ही नाही आलात तर माझं लग्न ठरेल हो, पण मग जन्मभर मी नमस्काराला मन्साला जाईन, आणि तुमच्या मानाची कोंबडी हा माणूस खाईल.