मावशी आज आमेन म्हणाली नाही

अहो,

फोनवर मावशीच्या घरातलं भांडं पडल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं की ती अजून ऐकतेय. रोज सकाळी मी प्रार्थना करते आणि ती आमेन म्हणते. तिचे यजमान, आपले भावजी, वारल्यापासून ती स्वतः देवाशी बोलत नाही, तिला तेवढंच जमतं. आज तेही म्हणाली नाही, फोन ठेवून दिला, आणि आता उचलतच नाहीये. माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून निघालेय.

रात्रपाळी करून आलात, म्हणून उठवलं नाही. धाकटा तुमच्या कुशीत आहे. दूध उकळून झाकलंय. कोमट करूनच पाजा. थोरलीला बरोबर नेते.

मुलं जिला मावशी म्हणतात, ती माझी नुसती चर्चमधली मैत्रीण असती, तर संध्याकाळी गेले असते. पण धाकटा झाल्यावर मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे, तेव्हा तिने एका शब्दाचा उपदेश केला नाही. "तू पडून राहा गं, तुझ्या वाटचंही मीच देवाशी बोलते," एवढंच म्हणायची.

दार उघडलं नाही तर तुम्हाला बोलावीन, फोन उशाशी ठेवा.

थोरली चपला घालताना विचारतेय, "मावशीची देवाशी कट्टी आहे, तर देवच का जात नाही तिच्याकडे?"