ती प्रत मीच उतरवली

मी, कुनिए हिरासावा, वय चौऱ्याहत्तर, कादंबरीकार कै. शोसाकु हिरासावा यांची पत्नी, राहणार मात्सुए, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. वकील म्हणत होते, रीतसर नोंदवून घ्या. मी ऐकलं नाही. हाताने लिहून घरात ठेवलेलं मृत्युपत्र कौटुंबिक न्यायालयात वारसांना बोलावून उघडतात, हे त्यांच्याच तोंडून निघालं होतं. माझी एकुलती वारस, मुलगी मिचिरू, बावीस वर्षं माझी पत्रं न फोडता परत पाठवते आहे. निदान हे तरी तिच्या कानांवर पडेल.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक मिचिरूला. न्हाणीघराचं दार जरा उचलून ओढावं, नाहीतर अडकतं.

२. यजमानांची हस्तलिखितं संग्रहालयवाले दोनदा मागून गेले. देऊ नयेत, जाळावीत. यजमान घरातलंच लिहायचे आणि लोक त्याला प्रामाणिकपणा म्हणायचे. बाजारातली शिंपलेवाली मला विचारायची, "काय हो बाई, नवऱ्याला वाडगा फेकून मारलात म्हणे?" तिने मासिकात वाचलेलं असायचं.

३. हिरासावांच्या थडग्यावर यजमानांशेजारी माझं नाव आधीच कोरलेलं आहे, मी जिवंत म्हणून लाल रंगात. ते पाथरवटाकडून घासून काढावं. माझी रक्षा तिथे ठेवू नये. चाळीस वर्षं त्या माणसाशेजारी झोपले, तेवढं पुरे. नणंदबाई थयथयाट करतील, करू देत.

४. ज्यासाठी हा सारा खटाटोप, ते आता. यजमानांचं अक्षर छापखान्याला लागत नसे, म्हणून प्रत्येक कादंबरीची स्वच्छ प्रत मी करत असे. एका पानावर आलं: 'बायकोला ही पोर नकोच होती.' मिचिरू तेव्हा चार वर्षांची होती. मी म्हटलं, "अहो, हे खोटं आहे. उद्या ती वाचेल."

"अगं, कादंबरी आहे ती. वाक्य जमलंय, राहू दे."

आणि मी ते उतरवलं. सतराव्या वर्षी मिचिरूला कपाटात ती प्रत सापडली. "अक्षर तुझंच ना, आई?"

"हो, पण..."

पुढचं तिने ऐकलं नाही. शाळा संपताच घर सोडून गेली.

मिचिरू, पुढचं असं होतं. तुझ्याआधीचं बाळ माझ्या मांडीवर गेलं. तू झालीस तेव्हा मी तुला महिनोन्‌महिने उचललं नाही, कारण माझा हात लागला तर तूही जाशील अशी भीती मनात बसली होती. नुसती शेजारी बसून तुझा श्वास बघायचे. यजमानांनी तेवढंच पाहिलं आणि नकोशी लिहिलं. तू हवी होतीस गं. लेखणी खाली ठेवायची हिंमत झाली नाही, हा अपराध मात्र माझा.

५. रक्षा मिचिरूने न्यावी. तिला नको असेल तर देवळाच्या सामायिक थडग्यात ठेवावी, तक्रार नाही.

६. न्यायाधीश साहेबांना हात जोडून विनंती, चौथं कलम पुरं होईपर्यंत तिला उठू देऊ नये. ती आलीच नसेल, तर दुसरी तारीख द्यावी. तेव्हाही नाही आली, तर आणखी एक द्यावी.

मात्सुए, ३ नोव्हेंबर २०१९
कुनिए हिरासावा (सही व शिक्का)
साक्षीदार लागत नाही, तरी समोर बसून पाहणाऱ्या शेजारीणबाई: फुमिनो आदाची