नॉर्वेकराला ताप आला आहे

चाचक, ऑक्टोबर अखेर

चि. ओब्रेन,

"ताई, खिडकी लावू नकोस, मी आलोच." शाळेत असताना तू हे म्हणाला होतास, माझ्या खोलीच्या खिडकीवर बसून, एक बूट पायात आणि एक हातात. पुढच्या दारानं गेलास तर आई पकडून बागेत फांद्या गोळा करायला लावेल, म्हणून माझी खिडकी हा तुझा राजरस्ता होता. "आलोच" म्हणून गेलास तो दिवेलागणीला उगवलास. तोवर खिडकी उघडी ठेवल्याबद्दल मी आईची बोलणी खाल्ली. (दाराखिडकीतून आरपार वारा खेळला की माणसाची मान आखडते, मूत्रपिंडं गारठतात आणि मेंदूला सूज येते, ही आईची श्रद्धा तुला ठाऊक आहे. देवावरची तिची श्रद्धा त्याच्या खालोखाल आहे.) ते वाक्य मला हल्ली रोज आठवतं. का, ते पुढे येईल. आधी खुशाली विचारायची रीत आहे, ती पाळते.

कसा आहेस? खोकला गेला का? तिकडे नॉर्वेत सूर्य अजून उगवतो की त्यानं रजा टाकली? मी बरी आहे. बसस्टँडच्या खिडकीत बसून लोकांना जायची तिकिटं विकते. परतीचं तिकीट हवंय का, असं विचारायचा नियम आहे. बहुतेक जण नको म्हणतात. आईही बरी आहे. तिनं मला तुला काहीही कळवायला सांगितलेलं नाही, म्हणून एवढंच कळवते.

तुला वाटेल, ही रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवरच्या खेळात भेटते, मग कागदावर कशाला लिहिते? तर तिकडून सुट्टीवर आलेल्या स्लावकोबरोबर तू पाठवलेल्या तुझ्या जुन्या लॅपटॉपची तक्रार त्याच लॅपटॉपवरून करता येत नाही म्हणून. तक्रार सुरू केली की तो बंद पडतो.

तो आला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! तू दिवसभर तिकडे रस्त्यावरचा बर्फ नांगरून काढायचा आणि संध्याकाळी माझ्याबरोबर खोट्या शेतात खोटा ट्रॅक्टर चालवायचा. (इथली खरी आलुबुखाराची बाग टाकून गेलेला माणूस पैसे भरून शेतीचा खेळ विकत घेतो, हे मी बसस्टँडवर कुणाला सांगितलेलं नाही. लोक हसतील.) फोनवर तू "हं", "जेवलो", "बरं" एवढंच बोलतोस. पण ट्रॅक्टरवर बसलास की तुझी जीभ सुटते. चेहरा दिसत नाही म्हणून असेल, किंवा हात कामात असतात म्हणून. शेजारी शेजारी दोन ट्रॅक्टर चालले आहेत आणि तू कसल्या कसल्या गोष्टी सांगतो आहेस, ही माझ्या दिवसातली एकच वेळ, जेव्हा माझ्याशी कुणी तिकिटाशिवाय बोलतं.

पण थोडं शेत नांगरून होतं न होतं तोच हा लॅपटॉप घुरघुरायला लागतो, मग विमानासारखा गर्जतो आणि मग पटकन काळा पडतो. त्या काळ्या पडद्यात मला माझा चेहरा दिसतो आणि माझ्यामागे आईची पाठ.

हो, आईची पाठ. तिचं विणकाम हल्ली नेमकं त्याच वेळी माझ्या खोलीत असतं. उजेड बरा आहे म्हणते. (दिवा तिच्या खोलीतही तोच आहे.) बसते मात्र भिंतीकडे तोंड करून, कारण तिचा या प्रकाराशी काही संबंध नाही. मी आधी कानात ते बोळे घालून खेळायचे. "काढ ते," म्हणाली, "कान सडतील." तेव्हापासून तुझा आवाज खोलीभर असतो.

पहिल्यांदा तो बंद पडला तेव्हा आईनं उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ह्याला ताप आहे." तिच्या मते चूक त्याची नाही. तो तिकडच्या थंडीत वाढलेला, त्याला इथली हवा मानवत नाही. तेव्हापासून घरात त्याचं नाव नॉर्वेकर पडलं. आणि तापावर आपल्या घरात काय उपाय होतो ते तुझ्या पायांना आठवत असेल. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर नॉर्वेकर टेबलावर, आणि त्याच्या पोटाखाली राकियात भिजवलेले दोन लोकरीचे मोजे! मी ओरडले, अगं आई, ही दारू पेट घेते. "घरची आहे," ती म्हणाली, "दुकानातली नाही." खोलीला लग्नघराचा वास सुटला होता. पोस्टमन वीजबिल घेऊन आला तो वास घेऊन बसूनच राहिला. नॉर्वेकर मात्र त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा लवकर गेला.

मग मी माझं डोकं चालवलं. आपल्या खिडकीच्या दोन तावदानांमधली जागा आठवते? जिथं आई थंडीत कायमाकचं मडकं ठेवते? तिथं मी नॉर्वेकराला आडवा ठेवला आणि आतलं तावदान उघडून, स्टुलावर गुडघे टेकून, चर्चमध्ये बसावं तशी खेळायला बसले. तुला सांगते, त्या दिवशी बराच वेळ टिकला. तू मला तुझ्या वरच्या मजल्यावरच्या म्हातारीची सगळी गोष्ट सांगितलीस, ती तुझ्यासाठी दारात सूप ठेवते ती. (आईच्या सुया थांबल्या होत्या.) पण नॉर्वेकराचा सगळा गरम श्वास शेजारच्या मडक्यात गेला आणि मडक्यातल्या सायीचं पाणी झालं. आईनं मडकं पाहिलं आणि जी किंचाळली! "माझा कायमाक वितळवला तुझ्या भावानं!"

मी रागावले नाही. 'तुझ्या भावानं' एवढे शब्द या घरात किती दिवसांनी ऐकले. बाबा गेले, तू बाग सोडून निघालास, ती फाटकात म्हणाली की बाग सोडणारा माझा कुणी नाही, आणि तू म्हणालास की मग तूच फोन करशील तेव्हा बोलेन. तेव्हापासून तू तिच्या फोनची वाट बघतोयस आणि ती तुझ्या. मध्ये मी. माझ्याकडे तुमच्या दोघांचेही नंबर आहेत, त्याचा उपयोग काय?

त्यानंतर आईची पाठ बोलायला लागली. माझ्याशी, हळू आवाजात, भिंतीकडे बघत. "वाकडं नांगरतोय." "एवढ्या ओल्यात कुणी पेरतं का?" "बापानं शिकवलेलं सगळं तिकडच्या बर्फात टाकलं." आणि तू उताराच्या उत्तरेला आलुबुखाराची रोपं लावलीस तेव्हा तर तिला राहवेनाच. "विचार त्याला. उत्तरेला लावतोय, दंव पडलं की फुलं जळतील. विचार ना!" मी विचारलं, माझ्या आवाजात, जणू मलाच सुचलं. तू हसलास. म्हणालास, "ताई, तुला आलुबुखार आणि सफरचंदाचं झाड वेगळं ओळखू येत नव्हतं. हे दंवाचं कुठून काढलंस?" मी म्हटलं, पुस्तकात वाचलं. पाठीमागून आई फिसकारली, "पुस्तकात म्हणे!"

तुझा ट्रॅक्टर शेताच्या मधोमध थांबला. मग तू म्हणालास, "ताई, एक विचारू? आई..." आणि नॉर्वेकर गर्जला आणि काळा पडला.

आई म्हणाली, "गेला?"

मी म्हटलं, "तापला, आई."

"हं. नेहमीचंच." आणि तिनं विणकाम उचललं. त्या रात्रीची ओळ तिनं सकाळी उसवली.

दुसऱ्या दिवशी तू खेळातल्या डिझेलच्या भावाबद्दल बोलत राहिलास. तू परत विचारलं नाहीस, मीही विचारलं नाही. ते अर्धं वाक्य मात्र आमच्या घरात राहायला आलं आहे. जेवताना ते तिसऱ्या खुर्चीवर बसतं.

म्हणून मी नॉर्वेकराला मिलुटिनकडे नेलं. औषधांच्या दुकानाखाली तळघरात बसतो तो, टीव्ही आणि असले डबे दुरुस्त करतो, बोलतो फार. आई बरोबर आली. तिला बटणं घ्यायची होती. (बटणांचं दुकान नदीच्या पलीकडे आहे.) मिलुटिननं पाठ उघडली, पंख्यात चिमटा घातला आणि आतून घट्ट झालेल्या लाल लोकरीचा एक बोळाच बाहेर काढला. "बाई," मला म्हणाला, "ह्याच्या मालकानं घरात मेंढी पाळली होती काय? आणि ती पण लाल?"

मी हसायला लागले, तेवढ्यात आईनं तो बोळा त्याच्या चिमट्यातून काढून घेतला. बोटांत चोळला. नाकाशी नेला. उजेडाला धरला. म्हणाली, "हा रंग मी दिलाय."

ओब्रेन, आईनं विणलेला तो लाल स्वेटर पहिल्याच हिवाळ्यात धुलाईत हरवला असं तू मला सांगितलं होतंस. आईनं विचारायला लावलं होतं, बसतो का म्हणून, आणि मी तुझं उत्तर तिला जसंच्या तसं दिलं होतं. आता मला डोळ्यांसमोर दिसतं, तू तो घालून, पाय वर घेऊन, लॅपटॉप पोटाशी धरून बसला आहेस, वर्षानुवर्षं, आणि तो बिचारा तुझ्या स्वेटरचा एक एक धागा ओढून घेतोय. नॉर्वेकराला ताप कसला आला होता ते त्या तळघरात कळलं.

आईनं मिलुटिनसमोर मला एवढंच विचारलं, "हरवला होता ना?" परतताना बसमध्ये तिनं तो बोळा हातमोज्यात ठेवला. आता तो आपल्या संताच्या तसबिरीमागे आहे, वाळलेल्या तुळशीच्या काडीजवळ. मी पाहिलेलं तिला माहीत नाही.

मिलुटिनचं म्हणणं, लोकर काढली तरी पंखा थकला आहे, नवा परदेशातून मागवावा लागेल. "तोवर वारा द्या ह्याला. खिडकी उघडा, समोरचं दार उघडा, आरपार जाऊ द्या." हे तो माझ्या आईसमोर म्हणाला. डॉक्टरनं रोज थोडं विष घेत जा म्हणावं, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "शिकलेला दिसत नाही."

मी अर्थातच खिडकी बंद ठेवून खेळायला बसले. तू तुझ्या रस्त्यावर अडकलेल्या दुधाच्या ट्रकची गोष्ट सांगत होतास आणि नॉर्वेकर घुरघुरायला लागला. आता जाणार, एवढ्यात मला कडी वाजलेली ऐकू आली. आईनं खिडकी उघडली होती, दोन्ही तावदानं. मग जाऊन तिनं समोरचं दार उघडलं. मग बाबांची केसाळ टोपी डोक्यावर, मानेभोवती मफलर, त्यावर शाल, मांडीवर घोंगडी, अशी ती त्या वाऱ्याच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून बसली. मी वळून बघत राहिले, तर म्हणाली, "बघतेस काय? खेळ. तो बोलतोय."

त्या संध्याकाळी नॉर्वेकर शेवटपर्यंत टिकला. तू विचारलंस, "ताई, आज तुझ्याकडे वाऱ्याचा आवाज येतोय का?" मी हो म्हटलं. नंतर तुला कुणी खोकल्याचं ऐकू आलं, तेव्हा मी म्हटलं मीच खोकले. तर ती मी नव्हते.

असो. पत्र लांबलं. शेवटी थोरांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद लिहायचे असतात. तुझ्या घरी थोर-लहान कुणीच नाही, तेव्हा दोन्ही तूच घे.

तुझी ताई,
नेवेना

ता. क. खेळात मी पंखा थकलाय एवढंच बोलले तेव्हा तू नवा पाठवतो म्हणाला होतास, तो पाठवू नकोस. मिलुटिनलाही मी नको सांगितलं. नॉर्वेकर बरा झाला तर खिडकी बंद होईल.

ता. क. दुसरा : कागदावर लिहायचं खरं कारण तुला एव्हाना कळलंच असेल. खेळात बोललं की ती ऐकते. ती सध्या काय विणते आहे ते विचारू नकोस. लाल आहे. तू जाड झालायस का असं तिनं मला विचारलेलं नाही, फक्त कमरेपाशी टाके वाढवते आहे आणि माझ्या तोंडाकडे बघते आहे.

ता. क. शेवटचा : डिसेंबरात आपल्या घराच्या संताचा दिवस, स्लावा, आहे. स्लावाची रोटी घरातल्या पुरुषानं फिरवायची असते. तू गेल्यापासून ती मी फिरवते आणि आई दरवर्षी म्हणते, वाकडी फिरवलीस. ये असं मी दरवर्षी लिहिते आणि तू नाही म्हणतोस, म्हणून यंदा तसं लिहीत नाही. फाटकातून येऊन तू दार वाजवणार नाहीस आणि वाजलं तरी ती उठणार नाही, हे मला माहीत आहे. पण ओब्रेन, खिडकी उघडी आहे. तिनं स्वतः उघडली आहे, आणि थंडी वाढते आहे, अशी ती किती दिवस बसेल सांगता येत नाही. खिडकीतून आलास तर कुणी कुणाला दार उघडलं असं होणार नाही. तू म्हणशील रजा नाही, बर्फाचा हंगाम आहे, आता मी त्या खिडकीत मावत नाही. नाहीच म्हणशील. तरी विचारते, एक बूट हातात घेऊन येशील?